म्हाताऱ्या पोमेरेनियनचा खोकला: सिरप राहू दे, आधी श्वास मोजा

ताई, नऊ वर्षांचा पोमेरेनियन, तीन आठवडे कोरडा खोकला, खाणंपिणं ठीक. माणसांचं खोकल्याचं औषध चालेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. त्यातल्या कित्येक बाटल्यांत पॅरासिटामॉल नाहीतर सर्दीचं औषध मिसळलेलं असतं. एवढ्याशा जिवाला ते विषच. शुगर-फ्री बाटलीत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) असलं तर तेही.

कुत्रं तरणं असतं, नुकतंच बोर्डिंगला राहून आलेलं असतं, तर मी केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गाचा खोकला, म्हटलं असतं. त्यात जोराची ढास लागते, शेवटी पांढरा फेस पडतो आणि घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं. तो बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. तुमच्याकडं या वयाला, या जातीत मला आधी दोनच शंका येतात: श्वासनलिका ढिली पडलीय, नाहीतर हृदयाची झडप गळतेय.

नलिकेचा खोकला सायकलच्या भोंग्यागत वाजतो. पट्टा ओढला, पाणी प्यालं, पाहुणे आले की हमखास. हृदयाचा बऱ्याचदा रात्री झोपेत उठवतो आणि फिरताना दम लागतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून नुसत्या आवाजावर ठरवू नका. गाढ झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा, चार-पाच रात्री लिहून ठेवा. सतत ३० च्या वर जात असेल तर लगेच दाखवायचं. खोकल्याचा व्हिडिओही काढा. डॉक्टरसमोर ही मंडळी कधी खोकत नाहीत!

गळ्याचा पट्टा आजच काढा, छातीचा हार्नेस घ्या. खानापूरच्या पावसात खिडक्या बंद आणि आत बंब पेटलेला, तो धूर त्याला नको. उदबत्तीसुद्धा दुसऱ्या खोलीत. आणि कुंदा, बिस्किटं बंद करा की! नलिका ढिली असेल तर वजन उतरवणं हा अर्धा इलाज आहे.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात स्टेथोस्कोप लावून हृदयाची कुरकुर, म्हणजे झडप गळत असल्याचा आवाज, कळते, पण छातीचा एक्स-रे लागेलच. बेळगावला निघायच्या आधी दवाखान्यात फोन करून लहान कुत्र्याचा एक्स-रे होतो का ते विचारा. हिरड्या निळसर दिसल्या, किंवा मान ताणून तोंडानं श्वास घ्यायला लागला, तर रात्र असली तरी थांबू नका.

वजन किती आहे आणि डिस्टेंपरची (कुत्र्यांच्या एका गंभीर संसर्गाची) लस कधी झाली, तेवढं कळवा.