खटका नसलेलं छोटं पिस्तूल हातातून पडलं तर?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तुमच्या छोट्या पिस्तुलाला बाहेरून सेफ्टीचा खटका नाही, मग भरलेलं असताना ते पडलं तर गोळी सुटेल का? आणि वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असताना ते पाचच काडतुसं का भरायचे? दोन्हींची मेख एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकत्रच लिहितो. 'घोडा' हा शब्द मात्र टाळतो. कोणी त्याला ट्रिगर (बोटाने ओढायचा भाग) समजतं, कोणी हॅमर (मागून घाव घालणारा भाग), आणि इथे तो घोळ परवडणार नाही.

आधी रिव्हॉल्व्हर. १८७३ च्या 'कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी' या रिव्हॉल्व्हरमध्ये फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी टोकदार पिन, हॅमरलाच जडवलेली आहे. हॅमर पूर्ण खाली असला की पिनचं टोक समोरच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, घाव बसताच पेटणाऱ्या टोपीवर) टेकून असतं. हॅमर किंचित मागे घेऊन अडकवायला एक खाच आहे, पण तिचा ओठ इतका पातळ की रिव्हॉल्व्हर हॅमरवर आपटलं तर तो तुटू शकतो. म्हणून हॅमरसमोरचं घर रिकामं ठेवायचं. वडील बरोबरच करत होते.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. १८९० च्या दशकात आयव्हर जॉन्सन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्सफर बार आला. पिन चौकटीत वेगळी बसवली आणि हॅमर तिच्यापर्यंत पोचूच नये असा घडवला. ट्रिगर ओढला की एक छोटी पट्टी वर सरकून दोघांच्या मध्ये येते आणि हॅमरचा घाव पिनपर्यंत पोचवते. बोट काढलं की पट्टी खाली. मग हॅमरवर हातोडी मारली तरी काडतुसाला त्याचा पत्ता लागत नाही. रूगर कंपनीने आपल्या सिंगल ॲक्शन (दरवेळी हॅमर हाताने मागे ओढावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरमध्ये १९७३ साली ही रचना आणली आणि पुढे जुन्या रिव्हॉल्व्हरनाही ती विनामूल्य बसवून द्यायला सुरुवात केली.

दुसरी रीत उलटी आहे: हॅमरच्या वाटेत कायमचा अडसर ठेवायचा आणि ट्रिगर ओढल्यावरच तो बाजूला व्हायचा. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये असा अडसर होता, पण तो जागेवर यायला स्प्रिंगवर अवलंबून होता. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलात असं एक रिव्हॉल्व्हर पडून सुटलं आणि एका खलाशाचा जीव गेला. त्यानंतर कंपनीने ट्रिगर परत येताना अडसराला यंत्रानेच ओढून जागेवर आणणारी रचना केली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ग्रीस गोठलं की स्प्रिंग हरू शकते. खुंटीने जोडलेला भाग ट्रिगरबरोबर फिरतोच.

आता तुमचं पिस्तूल. १.२ मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला सेकंदाला सुमारे ४.९ मीटर वेगाने भिडते. फरशीवर चौकट जागच्या जागी थांबते, आतले सुटे भाग थांबत नाहीत. नळी खाली करून पडलं तर पिन पुढे, प्रायमरकडे धावते. पाठीवर पडलं तर खुद्द ट्रिगर मागे जाऊ पाहतो, म्हणजे कोणी बोट न लावता तो ओढला जातो.

पहिल्या धोक्यावर फायरिंग पिन ब्लॉक असतो: स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागात) स्प्रिंगवर बसलेली एक छोटी दांडी पिनची वाट अडवते आणि ट्रिगर शेवटपर्यंत ओढल्यावरच वर ढकलली जाते. कोल्टने '१९११' नावाच्या पिस्तुलाच्या मालिकेत ती १९८३ मध्ये आणली. दुसऱ्या धोक्यावर ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पाकळी असते. तिचं वजन इतकं कमी की आपटल्यावर ती हलत नाही, आणि ती दाबली जात नाही तोवर ट्रिगर सरकत नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेल्या ग्लॉक १७ या पिस्तुलात या दोन्ही गोष्टी होत्या, शिवाय ट्रिगरला जोडलेली आतली दांडी खाली घसरू नये म्हणून तिला एक टेकू.

ट्रिगरच्या तुकड्याचं स्वतःचं वजन ही क्षुल्लक बाब नाही. सिग सावर पी३२० हे पिस्तूल नेहमीच्या चाचण्या पार करून बाजारात आलं होतं, तरी ठराविक कोनात पाठीवर पडल्यावर सुटतं असं २०१७ मध्ये दिसलं. कंपनीने दिलेल्या बदलात मुख्य भाग होता तो कमी वजनाचा ट्रिगर.

ब्लॉक शाबूत आहे का हे तुम्हालाही पाहता येईल. मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, स्लाइड उतरवून उलटी धरा. पिनची शेपटी पुढे ढकला; समोरच्या भोकातून टोक बाहेर येता कामा नये. मग पिनची वाट अडवणारी ती छोटी गोल दांडी दाबून पुन्हा ढकला, आता टोक दिसेल. दांडी सोडल्यावर टचकन वर उडाली पाहिजे. मी एका पिस्तुलात ती घट्ट झालेल्या तेलामुळे दाबलेलीच अडकून राहिलेली पाहिली आहे. बाहेरून ते अगदी निर्दोष दिसत होतं आणि गोळ्याही नीट झाडत होतं. कित्येक महिने त्यात ब्लॉक नसल्यासारखाच होता. त्या भोकात तेल ओतू नका. आणि ट्रिगर ओढायला हलका व्हावा म्हणून कुणी मऊ स्प्रिंग घालायला सांगितली तर त्याचं ऐकू नका.

हे सगळं पडण्यापुरतं झालं. शर्टाचं टोक ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कडीत) अडकलं तर यंत्राला ते बोटच वाटतं, पाकळीही दबते आणि ब्लॉकही बाजूला होतो. तुमच्यासारख्या खटका नसलेल्या पिस्तुलाला ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) हवंच. मोकळं खिशात टाकणं मला अजिबात मान्य नाही. आणि हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका. चांगल्या रचनेचं पिस्तूल पडणं सोसतं, झेलणाऱ्याचं बोट ट्रिगरवर पडलं की सगळे अडसर आपणच उघडतो.

वडिलांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल एक राहिलं. हॅमरवर पिन दिसली म्हणून आत अडसर नसेलच असं नाही, काही मॉडेलांत दोन्ही असतात. जाणत्या बंदूक कारागिराकडून बाजूची पट्टी उघडून खात्री करून घ्या. तोवर पाचच भरा, आणि हॅमर खाली आणल्यावर त्याच्यासमोर आलेलं घर खरंच रिकामं आहे ना, हे बाजूने पाहून घ्या.