जनावरांच्या डॉक्टरांना माहिती तंत्रज्ञानाचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात आयटीत आहात, गावी वडिलांच्या आठ गायी आहेत आणि कानातले पिवळे बिल्ले, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळं त्यांना सरकारी सोपस्कार वाटतं. मी तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यक म्हणून काम करतो. माझ्यापुरतं उत्तर ठाम आहे: उपयोग होतो, आणि सर्वात जास्त उपयोग त्या बिल्ल्याचाच होतो.

एका गोठ्यातला प्रसंग सांगतो. बाजारातून आणलेली संकरित गाय, येऊन महिना झाला तरी माजावर आली नव्हती. दलालाने सांगितलेलं, व्यायल्यापासून भरवलेलीच (म्हणजे रेतन केलेलीच) नाही. मालकाचं म्हणणं होतं, इंजेक्शन देऊन माजावर आणा. ते इंजेक्शन, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, रिकाम्या गायीला माजावर आणतं. पण गाय गाभण असेल तर गाभडते, म्हणजे गर्भपात होतो. मी बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर जनावरांच्या सरकारी नोंदींच्या भारत पशुधन अ‍ॅपमध्ये टाकला. एक्केचाळीस दिवसांपूर्वी, दुसऱ्या तालुक्यात, कृत्रिम रेतन झाल्याची नोंद निघाली. एवढ्या कमी दिवसांचा गाभ हाताने तपासून छातीठोकपणे सांगता येत नाही. इंजेक्शन बॅगेतच ठेवलं आणि दोन महिन्यांनी परत गेलो. गाय गाभण होती. ती नोंद नसती तर मी काय केलं असतं, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

माणसांचा डॉक्टर आधी विचारतो, काय होतंय, कधीपासून होतंय. आम्हाला ते मालकाकडून कळतं, आणि जनावर विकलं की मालक बदलतो. आधीची आजारपणं, वेत, लस, कुठल्या वळूच्या रेताची कांडी (नळी) वापरली, सगळं जुन्या गोठ्यात राहून जातं. ही माहिती जनावराबरोबर नव्या दावणीला यावी, म्हणून तो नंबर.

वळूचं नाव निघालंच आहे तर थोडं सविस्तर सांगतो, कारण याकडे फार कमी लोक बघतात. रेताच्या प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो नोंदवला नाही तर तीन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला भरली जाऊ शकते. जवळच्या नात्यातल्या अशा पैदाशीने दूध घटतं, वासरं कमजोर निपजतात, आणि मालक दोष चाऱ्याला देत बसतो. वडिलांना सांगा, गाय भरवली की कांडीचा फोटो काढून ठेवा. खर्च शून्य.

लसीचंही तसंच. तोंडाखुरांना फोड आणणारा लाळ्या खुरकूत आणि गाभ पाडणारा ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मथुरेत सुरू झाला. लाळ्या खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी टोचायची असते. ब्रुसेलोसिसची मात्र फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. कुठल्या कालवडीला टोचली आणि कुठली राहिली, हे दोन वर्षांनी कोणाच्या लक्षात राहणार? पुढे तिच्या रक्ताची तपासणी करायची वेळ आली की ही नोंद लागतेच.

आता वडिलांच्या तक्रारीत तथ्य आहे तेही सांगतो. गोठ्यात रेंज नसते. दिवसभर वणवण करून आलेला माणूस रात्री आठवून नोंदी भरतो आणि एक आकडा चुकतो. गव्हाणीत अडकून बिल्ला तुटतो, कान फाटतो. नवा बिल्ला मारताना जुना नंबर जोडला नाही तर आधीचा सगळा इतिहास पुसला गेल्यासारखा होतो. माझ्याच भागात मेलेल्या गायी नोंदीत जिवंत सापडल्या आहेत. खोट्या नोंदीपेक्षा कोरी जागा बरी असं मी आमच्या माणसांना सतत सांगतो, कारण कोरी जागा दिसली की डॉक्टर स्वतः तपासतो आणि खोट्या नोंदीवर विश्वास ठेवतो. बुळकांडीसारखा गुरांचा जीवघेणा रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, त्यात मोठा वाटा गावोगाव फिरून लस टोचणाऱ्या आणि आजारी जनावरं शोधणाऱ्या माणसांचा होता. हातातलं साधन मोबाइल असो की वही, मेहनत तीच लागते.

व्हॉट्सअ‍ॅपची खरी किंमत मला २०२२ च्या लम्पीच्या साथीत कळली. अंगावरच्या गाठींचा फोटो आला की मी लगेच सांगायचो, जनावर दवाखान्यात आणू नका, वेगळं बांधा, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त करा, मी येतो. साथीत आजारी जनावर रस्त्याने न चालवणं हाच अर्धा इलाज. पण फोटोवरून ताप कळत नाही, आणि कासेतला दगडीपणा हाताला लागल्याशिवाय समजत नाही. व्हिडिओ कॉलवर औषध लिहून द्यायचा आग्रह धरू नका.

गळ्यातल्या सेन्सरच्या पट्ट्यांचंही तुम्ही विचारलंय. त्या हालचाल आणि रवंथ मोजतात, माज ओळखायला चांगल्या आहेत. शंभर गायींच्या गोठ्यात जरूर घ्या. आठ गायींसाठी मी घेणार नाही. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी गोठ्यात वीस मिनिटं उभं राहिलं तर सोट (माजाचा चिकट स्राव), अस्वस्थपणा, दुसऱ्या गायीवर उडणं हे सगळं डोळ्यांना दिसतं.

तुम्हाला काही करायचंच असेल तर या सुट्टीत गावी जाऊन आठही बिल्ल्यांचे नंबर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनच्या शेतकरी अ‍ॅपवरच्या नोंदींशी ताडून बघा. चूक दिसली तर तुमच्या दवाखान्यातून दुरुस्त करून घ्या. मग एक साधी एक्सेल शीट करा: गायीगणिक सकाळ-संध्याकाळचं दूध, भरवल्याची तारीख, प्रतिजैविक दिलं असेल तर औषधाचं नाव आणि किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही. एखाद्या गायीचं दूध अचानक दीड-दोन लिटरने उतरलं तर दुसऱ्या लक्षणाची वाट न बघता डॉक्टरला फोन करा, आणि फोनवर आधी बिल्ल्याचा नंबर सांगा.