'गुʼ' म्हणजे वसंत नव्हे

प्रश्न असा आहे: सोमाली ऋतूंच्या इंग्रजी याद्यांत 'गुʼ'समोर स्प्रिंग लिहिलेलं असतं. मग मराठीत 'वसंत' म्हणावं का? आणि आग पेटवून साजरा होणाऱ्या दबशिद या सोमाली सणाला 'होळी'?

दोन्ही नको. आधी उच्चार. 'गुʼ'मधला उकार ऱ्हस्व आहे आणि शेवटी आवाज घशातच तुटतो. तो 'गू' असा लांबवू नये.

गुʼ म्हणजे एप्रिल ते जून, तिथला मुख्य पावसाळा. त्याआधीच्या जिलालमध्ये, जानेवारी ते मार्च, माळरान करपतं, जनावरं घेऊन विहिरी गाठाव्या लागतात. मग सर येते, गवत फुटतं, उंटिणींना दूध येतं, लग्नं ठरतात. वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोहोर येतो. इथे सगळी भिस्त पावसावर आहे. म्हणून तर सोमाली माणूस वयसुद्धा गुʼमध्ये मोजतो: 'अफर्तन गुʼ' म्हणजे चाळीस वर्षं. याला आपल्याकडे तयार जोड आहे. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असं आपली आजी म्हणतेच, आणि 'वर्ष' नि 'वर्षा' एकाच धातूतून आलेत. तेव्हा 'पावसाळा' लिहा, खुशाल.

जिलालला 'हिवाळा' म्हणणं मला सगळ्यात जास्त खटकतं. तो कोरडा, कठीण काळ आहे. त्याची ओळख थंडी-शेकोटीची नाही.

जुलै ते सप्टेंबर हा 'हग़ा' (ह घशातून, ग घासून). तोही 'उन्हाळा' नव्हे. तेव्हा नैर्ऋत्येचे जोरकस वारे सोमाली किनाऱ्यावरून सुटतात. किनाऱ्यावर हलक्या सरी पडतात, आतला मुलूख कोरडा राहतो. तेच वारे अरबी समुद्र ओलांडून बाष्प घेऊन कोकणावर येतात. त्यांचा हग़ा तो आपला आषाढ-श्रावण!

ऑक्टोबरपासूनच्या 'दय्र'ला 'परतीचा पाऊस' म्हणण्याचा मोह होतो. पाऊसपट्टा दक्षिणेकडे परततानाच तो पडतो, हे खरं. पण आपला परतीचा पाऊस ही पावसाळ्याची शेपूट, आणि दय्र हा स्वतंत्र ऋतू. 'छोटा पावसाळा' बरं.

दबशिदमध्ये दब म्हणजे आग, शिद म्हणजे पेटवणं. पण तो नववर्षदिन आहे, तोही हग़ात, जुलैअखेरच्या सुमारास. वर्षाला त्या दिवसाच्या वाराचं नाव मिळतं. 365 दिवसांत 52 आठवडे भरून एक दिवस उरतो, म्हणून शुक्रवार-वर्षानंतर शनिवार-वर्ष येतं. शब्द 'दबशिद'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'सोमाली नववर्ष' जोडा.