वाचक विचारतात : माईकपुढची कविता

कोल्हापूर आणि आसपासच्या तरुण कवींनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेले गट, ओपन माईक, म्हणजे नाव नोंदवून कुणीही कविता वाचावी असा मंच, आणि स्पोकन वर्ड, म्हणजे छापण्यापेक्षा ऐकवण्यासाठी लिहिलेली कविता, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र करून ही उत्तरं देत आहोत.

आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी नव्या कवींसाठी गट काढायचं ठरवलंय. कुणी म्हणतं आधी संस्था नोंदवा, कुणी म्हणतं कशाला ती भानगड. काय करावं? (राजारामपुरी)

आधी सहा महिने, महिन्याला एक याप्रमाणे कार्यक्रम करून दाखवा. नोंदणीचा विचार त्यानंतर. नोंदणी लागते ती अनुदानासाठी, कंपनीकडून देणगी घेताना आणि गटाच्या नावावर बँक खातं उघडायचं असेल तेव्हा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, म्हणजे तुम्हाला अजून दोघं शोधायची आहेत. शिवाय महाराष्ट्रात अशा संस्थेला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. मग दरवर्षी हिशेब आणि लेखापरीक्षण मागे लागतं, आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यावा लागतो. गाडी अडते ती बहुतेक इथेच. जुने पदाधिकारी नोकरीसाठी पुण्याला जातात, रिपोर्ट कुणी भरत नाही आणि चार वर्षांनी कागदोपत्री जे अध्यक्ष असतात त्यांना गट आठवतही नसतो.

तोपर्यंत दोघांच्या नावाचं संयुक्त बचत खातं पुरे. त्यात घरखर्चाचा एक रुपयाही फिरवू नका आणि मोठी देणगी घेऊ नका, कारण ती रक्कम खातेदाराच्या पॅनवर दिसते. त्याहून महत्त्वाचा आहे एक पानी करार: निर्णय कोण घेणार, पैसे कुणाकडे, रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, एखादा बाहेर पडला तर गटाचं नाव आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड कुणाकडे राहणार. हे मैत्री असतानाच लिहून ठेवायचं असतं.

जागा 40 ते 60 खुर्च्यांची बघा. 200 च्या सभागृहात 30 माणसं विखुरली की चांगली कविताही पडते. पत्र्याचं छत असेल तर जून ते सप्टेंबर ती जागा विसरा. आपल्याकडच्या पावसात तिथे माईकवरचंही ऐकू येत नाही. कॅफे घेताना मिक्सर आणि कॉफी मशीन किती जवळ आहे ते बघा आणि कविता सुरू असताना ती बंद ठेवायचं मालकाशी आधीच ठरवून घ्या. तारीख धरताना गणपती, नवरात्र आणि 26 जूनची शाहू जयंती टाळा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या फुटबॉल संघांची लढत असेल तर त्या संध्याकाळी श्रोते मागूच नका!

उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागते आणि रात्री दहाला तो बंद करावा लागतो. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयापासून 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. दसरा चौकाच्या बाजूला कार्यक्रम ठरवताना सीपीआर रुग्णालय जवळ आहे हे ध्यानात ठेवा.

आमचा ओपन माईक सहाला सुरू होतो आणि साडेनऊला कसाबसा संपतो. आपली कविता झाली की कवी निघून जातात. शेवटी वाचणाऱ्यासमोर आयोजक तेवढे उरतात. (गडहिंग्लज)

कवी निघून जातो, कारण संपूर्ण क्रम त्याला आधीच कळलेला असतो. यादी भिंतीवर लावू नका. एका वेळी पुढची तीनच नावं जाहीर करा. नावनोंदणीच्या वेळीच सांगा की शेवटपर्यंत बसणाऱ्याला पुढच्या महिन्यात जागा आधी मिळेल, आणि ते खरोखर पाळा.

वेळेचं गणित असं करा. एकूण दोन तास. सुरुवातीची दहा मिनिटं स्वागत आणि नियमांची. 14 कवींना प्रत्येकी पाच मिनिटं, त्यातली चार वाचनाची आणि एक ये-जा करण्याची, म्हणजे 70 मिनिटं. मध्ये पंधरा मिनिटं चहा. शेवटी निमंत्रित कवीला वीस. झाली 115 मिनिटं, पाच हाताशी राहिली. पंधरावं नाव आलं तर पुढच्या महिन्याच्या यादीत सर्वांत वर लिहा. "आता आलाच आहात तर वाचा" म्हटलं की गणित फिसकटलं. निम्म्या जागा आधी फोनवर भरा आणि निम्म्या दारात चिठ्ठ्या टाकून द्या. सगळ्या आधी भरल्या तर तीच ती दहा माणसं फिरत राहतात.

वेळ खाणारा खरा इसम बहुतेकदा निवेदक असतो. दोन कवींच्या मध्ये स्वतःची एक चारोळी, आधीच्या कवितेचं रसग्रहण, शिवाय "वा, क्या बात है". प्रत्येक वेळी दोन मिनिटं धरली तरी 14 कवींमागे जवळजवळ अर्धा तास जातो. त्याला फक्त नाव आणि गाव सांगायला लावा.

वेळ संपत आल्याची खूण म्हणून साडेतीन मिनिटांना मागच्या रांगेतून मोबाइलची टॉर्च दाखवा. घंटा नको, ती श्रोत्यांनाही ऐकू जाते आणि त्यांचं लक्ष घड्याळाकडे वळतं.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला पहिला क्रमांक देऊ नका, तेव्हा लोक अजून खुर्च्या ओढत असतात. मुरलेला कवी पहिला, नवखा तिसरा किंवा चौथा. त्याच्या नावाशेजारी वहीत खूण करा आणि आठवडाभरात फोन करून पुढची तारीख सांगा. नव्या कवीला टाळ्या कुठेही मिळतात. अडतं ते दुसऱ्यांदा बोलावणं न आल्याने, आणि तुमचा गट उपयोगी आहे की नाही हे तिथेच ठरतं.

माईकवर "भ" आणि "फ" फाटतात, मधूनच शिट्टी वाजते. आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, मग चूक कुठे होते? (इचलकरंजी)

तळहात तोंडापुढे धरून आधी "आई" म्हणा, मग "भाकरी" आणि "फुफाटा". दुसऱ्या वेळी हातावर जो झोत लागतो तोच माईकच्या पडद्यावर आदळतो आणि "भप्प" असा आवाज येतो. उपाय म्हणजे माईक तोंडाच्या नेमका समोर न धरता हनुवटीच्या उंचीवर, ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका धरायचा. अंतर तीन-चार बोटं. आवाज सरळ पोचतो, हवा बाजूने निघून जाते. साऊंडच्या मिक्सरवर लो कटचं, म्हणजे खालचे सूर गाळणारं, बटण असेल तर दाबायला सांगा, उरलेली घरघर त्याने जाते. रंकाळ्यासारख्या वाऱ्याच्या जागी माईकला फोमची टोपी लागतेच.

शिट्टी वाजते ती स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून तिथून परत स्पीकरकडे गेल्यामुळे. स्पीकर कवीच्या मागे किंवा अगदी शेजारी असतील तर ती येणारच, म्हणून ते माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. दुसरं कारण हाताची पकड. रॅप करणाऱ्यांचं बघून जाळीभोवती मूठ आवळली की माईक चोहोबाजूंनी ऐकायला लागतो. दांड्याला खाली धरा. तिसरं कारण संकोच. कवी बिचकून मागे सरकतो, साऊंडवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. अशा वेळी आवाज कमी करायला सांगायचं आणि स्वतः जवळ जायचं.

वाचनाला साधा डायनॅमिक माईक उत्तम, शुअर एसएम 58 जातीचा. स्टुडिओत वापरतात तो कंडेन्सर माईक नाजूक असतो, त्याला मिक्सरकडून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो खोलीतला पंखाही टिपतो. साऊंडवाला लग्नाचा किंवा ऑर्केस्ट्राचा असेल तर इको चालूच असतो. तो पूर्ण बंद करायला सांगा, नाहीतर प्रत्येक ओळीची शेपटी पुढच्या ओळीवर पडते. तपासणीला "हॅलो, चेक, वन टू" म्हणू नका. कवितेतली सर्वांत मोठ्याने म्हणायची ओळ आणि सर्वांत हळू म्हणायची ओळ म्हणून बघा. एक जादा केबल आणि कॉर्डलेस असेल तर नवे सेल पिशवीत असू द्या.

कागद हातात घ्यायचा तर मोठ्या अक्षरात छापलेला, एकाच बाजूने, स्टेपल न केलेला. तो छातीच्या उंचीवर हवा. मान खाली गेली की तोंड माईकपासून सुटतं आणि ओळीचा शेवट गिळला जातो.

स्लॅममध्ये गुण कसे देतात? संमेलनातल्या स्पर्धेसारखेच का? (शिवाजी पेठ)

नाही. स्लॅम, म्हणजे मंचावर कविता सादर करून श्रोत्यांच्या गुणांवर चालणारी स्पर्धा. हा प्रकार 1980 च्या दशकात शिकागोत मार्क स्मिथ यांनी सुरू केला आणि त्यात परीक्षक जाणकार नसतात. श्रोत्यांतून कुणीही पाच जण निवडायचे, फक्त ते कवींचे नातेवाईक नसावेत. प्रत्येकाने 0 ते 10 मध्ये, एका दशांशापर्यंत गुण द्यायचे, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी काढून टाकायचे आणि मधल्या तिघांची बेरीज घ्यायची. 7.8, 8.1, 8.4, 8.6, 9.5 असे आले तर 8.1, 8.4 आणि 8.6 मिळून 25.1. कविता स्वतःचीच हवी. वाद्य, वेशभूषा, हातात वस्तू चालत नाही. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट. त्यापुढे सुरू झालेल्या दर दहा सेकंदांना अर्धा गुण जातो. वरच्या कवीने 3 मिनिटं 25 सेकंद घेतली तर एक गुण कापून 24.1 उरतात.

अडचण येते ती परीक्षकांचा हात हळूहळू सैल होत जातो त्याची. पहिल्या कवीला 7 मिळतात, दहाव्याला तशाच कवितेला 9. म्हणून आधी स्पर्धेबाहेरच्या एका कवीची कविता घेऊन तिला गुण द्यायला लावतात. मराठीत तीन मिनिटांत साधारण 300 शब्द बसतात, तेही थांबे न घेता. 250 वर लिखाण थांबवा.

आपल्या भागात कलगी-तुऱ्याचे सामने ऐकलेल्यांना कवींची झुंज नवी नाही. मात्र तिथे समोरच्याच्या सवालाला जबाब द्यावा लागतो. ती तयारी स्लॅमपेक्षा अवघड, असं आमचं मत. डफ घेऊन यायचंच असेल तर ओपन माईकला या, आणि डफासाठी दुसरा माईक फूटभर अंतरावर लावून घ्या.

मी मुलगी आहे आणि आमच्याकडं बोलतात तसंच लिहिते, "मी आलो, मी गेलो". बाहेरच्या कार्यक्रमात लोक हसले. बदलू का? (करवीर तालुका)

बदलू नका. पहिल्या दोन ओळींत बोलणारी बाई आहे हे कळेल असं काहीतरी ठेवा, बांगडी, पदर, माहेर, काहीही. मग "मी गेलो" आलं की कान एकदाच अडखळतो, पुन्हा नाही. हसू आलं तर ते ओसरेपर्यंत थांबा. हशावर बोललेली ओळ वाया जाते. तुमची कळीची ओळ सुरुवातीला असेल तर ती थोडी खाली घ्या.

दोन गोष्टी मात्र टाळा. टाळीसाठी मध्येच "नाद खुळा" घालणं आणि शेवटचं कडवं प्रमाण भाषेत नेणं. शेवटी भाषा बदलली की आधीची बोली सोंग वाटते. बोलीतल्या वाक्याचा शेवट बोलताना आपण गिळतो. घरात ते चालतं, माईकवर मुद्दाम उच्चारावा लागतो.

एका आयोजकाने माझ्या वाचनाचा व्हिडिओ न विचारता यूट्यूबवर टाकला. तीच कविता दिवाळी अंकाला पाठवायची होती. (जयसिंगपूर)

कविता लिहिली त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी लागत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हयातभर आणि पुढे 60 वर्षं राहतो. सादरीकरणावर कलाकार म्हणून तुमचा वेगळा हक्क असतो. मंचावर उभं राहिलात म्हणजे प्रसारणाला संमती दिली, असं होत नाही. आयोजकाला व्हिडिओ काढून टाकायला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपपेक्षा ईमेल बरा. दाद दिली नाही तर यूट्यूबच्याच अर्जावर कॉपीराइटची तक्रार करता येते.

पुष्कळ दिवाळी अंक अप्रकाशित साहित्य मागतात आणि व्हिडिओला काही संपादक प्रसिद्धी मानतात, म्हणून पाठवताना तसं नमूद करा. लपवलं आणि छापल्यावर कळलं तर पुढच्या वर्षीचं दारही बंद होतं.

गटांसाठी: नोंदणीच्या कागदावरच दोन चौकटी ठेवा, "रेकॉर्डिंग चालेल" आणि "प्रसिद्ध केलेलं चालेल". अठराखालच्या कवीसाठी पालकांची सही घ्या. हक्क लिहून घेत असाल तर मुदत आणि प्रदेश लिहा. न लिहिल्यास कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारतापुरता धरतो. आमच्या मते नव्या कवीकडून हक्क घेऊच नयेत, दाखवण्याची परवानगी पुरते.

मानधन द्यावं का? तिकीट लावलं तर लोक येत नाहीत. (कसबा बावडा)

द्यावं, थोडं का होईना. समजा 50 खुर्च्या आणि 100 रुपये तिकीट आहे. हिशेब 50 वर नको, 30 वर करा. आले 3000. जागा 1000, साऊंड 800, चहा 300 गेले, उरले 900. त्यातले 600 निमंत्रित कवीला, 300 गटाच्या पेटीत. कवी सांगलीहून येणार असेल तर एसटीचं भाडं खर्चात आधी धरा. आकडा बोलावतानाच सांगा. "कार्यक्रमानंतर बघू" म्हटलं की दोन्हीकडे कडवटपणा येतो. ओपन माईकच्या कवींकडून प्रवेश फी घेऊ नका, ती घेतली की वेळ मोडणाऱ्याला थांबवायला तोंड राहत नाही. श्रोत्यांना तिकीट जड वाटत असेल तर बाहेर जाताना दारात पेटी आणि क्यूआर कोड ठेवा. मध्यंतरात पेटी फिरवू नका, लोक चहाला म्हणून बाहेर पडतात ते परत येत नाहीत.

मंचावर झब्बा घालावा का? (मंगळवार पेठ)

घाला की. फक्त कडक इस्त्रीच्या खादीची सळसळ कॉलर माईकवर येते, हातातला माईक असेल तर नाही. धातूचं कडं किंवा बांगड्या माईकच्या दांड्यावर आपटतात, त्या माईक धरलेल्या हातातून काढून दुसऱ्या हातात घाला. खिशातला मोबाइल विमान मोडवर टाका.