साठ मशीननंतर गप्प होणारा प्रोग्राम

प्रश्न : महापे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये मशीनवरच्या कंट्रोलरकडून टीसीपीने रीडिंग गोळा करणारा सी प्रोग्राम आहे. तो लिबएव्ह ही अनेक कनेक्शनवर एकाच वेळी लक्ष ठेवणारी लायब्ररी वापरतो. लिनक्सवर दोनशे कंट्रोलर तो आरामात सांभाळतो. तोच कोड विंडोजच्या पीसीवर टाकला, तर साठ-बासष्ट कंट्रोलरपर्यंत सगळे ठीक चालते. त्यापुढच्यांचे कनेक्शन लागलेले दिसते, पण रीडिंग येत नाही. एररही नाही. काय करावे?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : एरर येत नाही, यातच उत्तर आहे. कोणत्या सॉकेटवर (कनेक्शनच्या आपल्या बाजूच्या टोकावर) डेटा आला हे लिबएव्ह ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते. त्यासाठी लिनक्सवर ती ईपोल ही सोय वापरते. विंडोजवर तिला सिलेक्ट या जुन्या सोयीवर भागवावे लागते. विंडोजच्या सिलेक्टमध्ये एका संचात किती सॉकेट मावतील हे एफडी_सेटसाइझ या आकड्यावर ठरते आणि काही न सांगितल्यास तो ६४ असतो. संच भरल्यावर पुढचे सॉकेट त्यात घालायला गेलात, तर एफडी_सेट हा मॅक्रो ते मुकाट्याने सोडून देतो. कनेक्शन ऑपरेटिंग सिस्टिमने स्वीकारलेले असते, म्हणून ते लागलेले दिसते. पण लिबएव्हचा लूप (सॉकेटवर लक्ष ठेवणारे तिचे मुख्य चक्र) त्या सॉकेटकडे बघतच नाही. ६४ मधली एक जागा तुमच्या लिसनिंग सॉकेटने (नवी कनेक्शन स्वीकारणाऱ्या) घेतलेली असते, म्हणून गाडी चौसष्टच्या आधीच अडते.

हा आकडा १०२४ करा. मात्र कुठे करता याला फार महत्त्व आहे. विन्सॉकची (विंडोजच्या सॉकेट लायब्ररीची) हेडर फाइल इन्क्लूड होण्याआधी तो ठरलेला हवा, म्हणून सोर्समध्ये कुठेतरी ओळ घुसवण्यापेक्षा प्रोजेक्टच्या प्रीप्रोसेसर डेफिनिशन्समध्ये घाला. लिबएव्हची मुख्य सी फाइल ज्या प्रोजेक्टमध्ये कंपाइल होते, तिथेच तो घातला पाहिजे. लिबएव्हची तयार डीएलएल (आधीच कंपाइल केलेली फाइल) वापरत असाल, तर तुमच्या प्रोग्राममध्ये आकडा बदलून काहीही फरक पडणार नाही, कारण संचाचा आकार डीएलएल बनली तेव्हाच गोठलेला आहे. बदल केल्यावर पूर्ण रीबिल्ड करा. मग एका छोट्या स्क्रिप्टने शंभर कनेक्शन उघडून प्रत्येकावरून एक ओळ पाठवा आणि शंभर उत्तरे आली का ते मोजा. नुसती कनेक्शन मोजलीत तर पुन्हा तीच फसगत होईल.

दोनशे कंट्रोलरना एवढे पुरेल. आकडा हजारांत जाणार असेल, तर सिलेक्ट ताणत बसू नका, लिबयूव्ही या तशाच दुसऱ्या लायब्ररीकडे वळा. ती विंडोजवर आयओसीपी ही विंडोजची स्वतःची सोय वापरते. पण हा बदल नुसती फंक्शनची नावे बदलून होत नाही. ईपोल, केक्यू (मॅकवरची तशीच सोय), सिलेक्ट हे सगळे ‘आता वाचता येईल’ एवढेच कळवतात. आयओसीपी ‘वाचून झाले’ असे कळवते. म्हणजे बफर आधीच द्यावा लागतो आणि काम संपेपर्यंत तो जिवंत ठेवावा लागतो. लिबयूव्हीने लिहिताना बफर फंक्शनच्या स्टॅकवर ठेवणे ही इथली नेहमीची चूक. लिनक्सवर छोटा संदेश बहुतेक वेळा त्याच कॉलमध्ये निघून जातो, त्यामुळे ती लपते. समोरचा हळू वाचू लागला आणि सॉकेटचा बफर तुंबला की भलताच मजकूर जायला लागतो. बफर मॅलॉकने घ्या आणि राइटच्या कॉलबॅकमध्येच मोकळा करा.

प्रश्न : मी मॅकवर कोड लिहितो, सर्व्हर लिनक्सचा आहे. मॅकवर लिबएव्ह सिलेक्टच का निवडते? केक्यू सक्तीने लावू का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ही निवड जाणूनबुजून केलेली आहे. मॅकवरचे केक्यू टर्मिनलसारख्या काही डिस्क्रिप्टरवर नीट वागत नसे, म्हणून लिबएव्हच्या शिफारशीच्या यादीतून मॅकसाठी केक्यू आणि पोल (सिलेक्टसारखीच आणखी एक सोय) दोन्ही वगळले आहेत. तुमच्या लूपमध्ये फक्त सॉकेट असतील तर करून बघायला हरकत नाही. त्यासाठी कोड बदलू नका. लिबएव्ह_फ्लॅग्ज हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (नाव मोठ्या अक्षरांत) ८ ठेवून प्रोग्राम चालवा. सिलेक्टला १, पोलला २, ईपोलला ४, केक्यूला ८ असे आकडे आहेत आणि त्यांची बेरीज चालते. सुरुवातीलाच एव्ह_बॅकएंड या फंक्शनचे उत्तर लॉगमध्ये छापा, म्हणजे प्रत्यक्षात काय निवडले गेले ते कळेल. आकडा बदलूनही फरक दिसत नसेल, तर लूप बनवताना नोएन्व्ह हा फ्लॅग दिलेला आहे का बघा. तो असला की हे व्हेरिएबल वाचलेच जात नाही.

सर्व्हरवर मात्र हे व्हेरिएबल लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे ईपोल आपोआप मिळतो. आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये उघड्या फाइलींची मर्यादा सहसा २५६ असते, त्यामुळे अडीचशेच्या आसपास कनेक्शन नाकारली जाऊ लागली तर दोष बॅकएंडचा (निवडलेल्या सोयीचा) नव्हे. त्याच टर्मिनलमध्ये ‘यूलिमिट -एन ४०९६’ देऊन पुन्हा चालवा.

प्रश्न : लिबएव्हमध्ये लॉग फाइलवर वाचनाचा वॉचर (लक्ष ठेवणारी नोंद) लावला, तर सीपीयूचा एक कोअर शंभर टक्क्यांवर जातो.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : डिस्कवरची साधी फाइल ‘वाचायला तयार’ अशीच कायम दिसते, शेवटपर्यंत वाचून झाली तरीही. त्यामुळे लूप क्षणभरही झोपत नाही. वाचनाचा हा आयओ वॉचर काढून फाइल बदलली का ते बघणारा स्टॅट वॉचर लावा. लिनक्सवर तो आयनोटिफाय (फाइल बदलल्याची वर्दी देणारी सोय) वापरतो, इतरत्र ठरावीक वेळाने फाइल तपासतो. मध्यंतर (दोन तपासण्यांमधला वेळ) ० दिलेत तर साधारण ५ सेकंदांनी. लॉग दुसऱ्या मशीनवरून नेटवर्क ड्राइव्हवर लिहिला जात असेल, तर आयनोटिफायला तो बदल कळत नाही. तिथे मध्यंतर स्वतः ठरवून द्या.