भाड्याचा पहिला ट्रेलर घेण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

नोकरी सांभाळून ट्रेलर भाड्याने द्यायचा विचार कळवलास, आनंद झाला. जोडधंदा म्हणून हे चांगलं आहे. वस्तू साधी, इंजिन नाही, चालक ठेवायचा नाही, गिऱ्हाईक स्वतः येऊन नेतं आणि आणून देतं. पण एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर: तुझा ट्रेलर दुसऱ्याच्या गाडीला जोडून, दुसऱ्याच्या हाताने, भर रस्त्यावर जाणार आहे. देताना आणि परत घेताना प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं त्याच्याजवळ उभं राहायची तयारी असेल, तरच यात पड. बाकी सगळं शिकता येतं.

आधी हिशेब. ट्रेलरची किंमत १०० धर आणि सुट्टीच्या दिवसाचं भाडं २. विमा, नोंदणी, टायर-बेअरिंगची झीज, जाहिरात, कुलपं असा वर्षाचा खर्च २५ धर. वर्षात ४० दिवस भाड्याने गेला तर ८० आले, २५ गेले, ५५ उरले; दोन वर्षांच्या आत किंमत वसूल. तोच ट्रेलर २० दिवसच गेला तर हाती १५ राहतात आणि वसुलीला जवळजवळ सात वर्षं लागतात. दिवस निम्मे झाले तर उरणारा पैसा निम्मा होत नाही, पाव हिश्श्याच्या आसपास येतो, कारण खर्च तेवढाच राहतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुझ्या भागातले घालून हाच हिशेब मांड. मागणी बहुतेक शनिवार-रविवारची असते हे त्यात धर. मधल्या वारी भाडं कमी ठेव, पण सुट्टीच्या दिवशी घासाघीस करू नकोस. तेवढेच दिवस कमाईचे आहेत.

कर्ज काढून एकदम तीन ट्रेलर घेऊ नकोस. पहिला एकच घे, आणि तो साधा उघडा, एका एक्सलचा (म्हणजे एकाच आसावर दोन चाकं), साधारण ७ बाय ४ फुटांचा घे. बाजूच्या पत्र्यावर काढता-घालता येणारी जाळी असावी. घरसामान, बागेतला पालापाचोळा, फर्निचर, रेती, सगळं त्यात जातं, आणि छोटी गाडीही तो ओढू शकते. मोटारी वाहून नेणारा मोठा ट्रेलर आकर्षक वाटेल, भाडंही जास्त मिळतं. पण त्याला ओढणारी गाडी भक्कम लागते, आणि वरची मोटार हातभर मागे चढवली तरी तोल बिघडतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नकोस.

खरेदी करताना रंगाला भुलू नकोस. खाली वाकून बघ. गाडीला जोडायचा पुढचा दांडा चौकटीला जिथे जोडलाय तिथलं वेल्डिंग, स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल आणि बुश (पाट्या चौकटीला टांगणारे दुवे आणि त्यांतल्या नळ्या), आणि जमिनीच्या बाजूने तळाची कड, गंज इथे धरतो. चौकट गरम जस्ताच्या मुलाम्याची मिळाली तर थोडे जास्त पैसे पडले तरी घे. भाड्याचा ट्रेलर कुणी धुऊन, पुसून ठेवत नाही. टायरची नक्षी छान दिसेल, पण बाजूवरचे चार आकडे वाच. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हात उभे राहून म्हातारे होतात, बाजूच्या रबरावर बारीक चिरा पडतात आणि भरलेल्या ट्रेलरखाली तापून फुटतात. सहा-सात वर्षांपुढचे टायर मी तर भाड्यावर चालवू देणार नाही.

आता वजन. सगळ्यात जास्त नुकसान यातून होतं, म्हणून इथे जरा थांबतो. बऱ्याच देशांत स्वतःचा ब्रेक नसलेल्या हलक्या ट्रेलरची एकूण मर्यादा ७५० किलो असते. एकूण म्हणजे ट्रेलरसकट. ट्रेलरचं स्वतःचं वजन २२० किलो असेल तर मालासाठी उरले ५३०. हौदा ७ बाय ४ फूट आणि एक फूट खोल असेल तर त्यात पाऊण घनमीटरहून थोडं जास्त मावतं. कोरडी रेती घनमीटरला साधारण १६०० किलो भरते. म्हणजे गिऱ्हाइकाने काठोकाठ रेती भरली की माल झाला साडेबाराशे किलो, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. वरून बघणाऱ्याला मात्र ‘एक छोटा ट्रेलर भरला’ एवढंच दिसतं. माणूस लबाडी करत नसतो, त्याला अंदाजच नसतो. म्हणून हौद्याच्या आतल्या बाजूला तळापासून १० सेंटीमीटरवर चारही बाजूंनी लाल पट्टा रंगव आणि शेजारी लिही: ‘रेती, माती, खडी इथपर्यंतच’. ओली रेती घनमीटरला दोन टनांपर्यंत जाते, तेव्हाही या पट्ट्यापर्यंतचा माल मर्यादेत बसतो. देताना पट्ट्यावर बोट ठेवून दाखव. तुझा ट्रेलर वेगळ्या मापाचा असेल तर गणित पुन्हा कर: मालाची मर्यादा भागिले दोन हजार, आणि ते भागिले तळाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, येईल ती उंची मीटरमध्ये.

वजन किती हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कुठे ठेवलंय हेही. जड सामान एक्सलवर आणि किंचित पुढे हवं. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार गाडीमागच्या हुकावर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर, आला पाहिजे, मात्र तो गाडीच्या हुकाच्या उभ्या भाराच्या मर्यादेत बसायला हवा. माल मागे ढकलला गेला की हुकावरचा भार हलका होतो आणि वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो. डुलायला लागल्यावर वेग वाढवून तो सरळ करायचा प्रयत्न लोक करतात, किंवा घाबरून स्टिअरिंग फिरवतात, दोन्ही घातक. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा, एवढंच गिऱ्हाइकाला सांग आणि करारातही लिही. भार मोजायला साधा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, गाडीच्या हुकाच्या उंचीइतका ठेव, कपलरखाली (दांड्याच्या टोकाचा, गोळ्यावर बसणारा भाग) लाकडाचा ठोकळा उभा करून तो काट्यावर टेकव आणि आकडा वाच.

जोडणीत एक सापळा आहे. गाडीमागचे गोळे ५० मिलिमीटरचे असतात, दोन इंचांचे असतात, पावणेदोन इंचांहून किंचित मोठेही असतात. मोठ्या मापाचा कपलर लहान गोळ्यावर व्यवस्थित बसल्यासारखा वाटतो, खटका लागतो, कुलूपही लागतं, आणि खड्ड्यात आदळल्यावर तो उडून सुटतो. गोळ्यावर कोरलेलं माप वाचल्याशिवाय जोडू देऊ नकोस. जोडल्यावर पुढचं छोटं चाक फिरवून दांडा वर उचल. गाडीचा मागचा भाग सोबत वर यायला हवा. कपलर एकटाच वर आला तर जोडणी झालेलीच नाही. सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून लाव, म्हणजे दांडा सुटलाच तर जमिनीवर न पडता साखळ्यांवर अडकतो. वळणापुरता ढिलेपणा ठेव, पण साखळी रस्त्याला घासता कामा नये.

दिव्यांची तक्रार ठरलेली असते. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो, किंवा सगळे दिवे एकदम पिवळट दिसतात, तर बल्ब बदलत बसू नकोस, अर्थिंग (दिव्याची ट्रेलरच्या पत्र्याशी असलेली वीजजोडणी) बघ. दिव्याच्या पत्र्याखालचा गंज खरवडून स्क्रू घट्ट केला की बहुतेक वेळा काम होतं. दुसरं कारण म्हणजे रस्त्यावरून फरफटलेला प्लग. त्याला अडकवायला दांड्यावर एक जागा करून ठेव.

बेअरिंगकडे मात्र वर्षातून एकदा स्वतः हात काळे कर, ट्रेलर पाण्यात उतरत असेल तर दोनदा. तापलेला हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. होड्यांच्या ट्रेलरची बेअरिंग यानेच जातात. हब उघड, जुनं ग्रीस पूर्ण पूस, रोलरवर निळसर डाग किंवा टोचल्यासारखे खड्डे दिसले तर बेअरिंग बाहेरच्या कड्यासकट बदल. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत जा, दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीस बाहेर आलं की भरलं. बसवताना चाक फिरवत नट आवळ, मग थोडा ढिला कर. चाक सहज फिरावं, वर-खाली धरून हलवलं तर जेमतेम जाणवेल इतकाच ढिलेपणा असावा. नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन दरवेळी नवी. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळ आणि चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपास. नवीन चाक बसताना ते ढिले पडू शकतात.

कागदपत्रांत सगळ्यात आधी विमा. घरगुती वापराच्या विम्यात भाड्याने देणं बहुधा बसत नाही, म्हणून विमा कंपनीकडून ‘भाड्याने देताना संरक्षण आहे’ असं लेखी घे. ट्रेलर जोडलेला असताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते गाडीच्या विम्यातून भरलं जातं की तुझ्या, हेही लेखीच विचार. करार एका पानाचा असू दे: गिऱ्हाइकाचा परवाना, गाडीचा क्रमांक, गाडीची ओढण्याची मर्यादा, परतीची वेळ, मालाची मर्यादा, आणि हरवलं-मोडलं तर कशाचे किती पैसे. दिव्याची काच, फाळक्याची खिटी, माल आवळायचा रॅचेट पट्टा, स्टेपनी, प्रत्येकाची किंमत आधीच छापलेली असली की अनामत कापताना वाद होत नाही. देताना चारही बाजूंचे आणि टायरचे फोटो गिऱ्हाइकासमोर काढ. परत घेताना उजेड असेल अशी वेळ ठरव आणि दोन्ही हबवर हात ठेवून बघ; एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर तो उघडल्याशिवाय पुढचं भाडं घेऊ नकोस. म्हणूनच दोन भाड्यांत किमान दोन तासांचं अंतर ठेव.

कधी कधी नाही म्हणावं लागेल. गोळ्याचं माप जुळत नाही, गाडीची मर्यादा कमी आहे, परवाना नाही, माणूस प्यायलेला आहे. तेव्हा पूर्ण पैसे तिथेच परत दे आणि ट्रेलर देऊ नकोस. लोक गळ घालतील, ‘दोनच किलोमीटर जायचंय’ म्हणतील. कपलर पहिल्या खड्ड्यातही सुटू शकतो.

ट्रेलर उभा असताना कपलरला कुलूप आणि चाकाला क्लॅम्प, दोन्ही लाव. चौकटीवर दोन लपलेल्या ठिकाणी तुझी खूण कोरून तिचे फोटो ठेव. पहिलं गिऱ्हाईक घेण्याआधी स्वतः तो रिकामा आणि भरलेला चालव, मागे घेऊन बघ. रिकामा ट्रेलर आरशात नीट दिसत नाही आणि मागे घेताना पटकन आडवा होतो. हे स्वतः अनुभवलंस तर दुसऱ्याला सांगता येईल.

दुसरा ट्रेलर घ्यायची घाई नको. सलग दोन-तीन महिने सुट्टीच्या दिवसांची मागणी परत पाठवावी लागली, तेव्हा घे. चाकाचं माप, नटांची छिद्रं आणि बेअरिंगचा नंबर पहिल्यासारखाच असू दे, म्हणजे एक स्टेपनी आणि एक बेअरिंग सेट दोघांना चालेल. हिशेब मांडलास की पाठव, बघून कळवतो.

तुझा हितचिंतक