मृत्युपत्रातली खोडलेली ओळ

प्रश्न : वकीलताई, माझं वय 78. यावल तालुक्यात सात एकर केळी आहे. चार एकर वाटणीत आलेली, तीन मी घेतलेली. 2009 साली मृत्युपत्र रजिस्टर केलं : जमीन मुलाला, जळगावचा प्लॉट मुलीला, राहतं घर हिला. 2018 मध्ये हिच्या आजारपणात प्लॉट विकला. मागच्या वर्षी हीपण गेली. मी मृत्युपत्राच्या झेरॉक्सवर निळ्या पेनाने प्लॉटची ओळ खोडली, शेजारी ‘केळीतली दीड एकर मुलीला’ लिहून सही केली. मुलगा म्हणतो, रजिस्टर कागद बदलत नसतो. बँकेत एफडीलाही तोच नॉमिनी आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येईल, तिला काय सांगू? — नाना

उत्तर : नाना, मुलाचं म्हणणं चूक आहे. मृत्युपत्र माणूस शुद्धीवर असेतो कितीदाही बदलतो. रजिस्टर केल्याने हात बांधले जात नाहीत. पण तुमची ती निळी ओळही कामाची नाही. बदलालाही मूळ मृत्युपत्राइतकेच सोपस्कार लागतात : तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. तुम्ही एकट्याने सही केलीत, तीही झेरॉक्सवर.

म्हणजे आज काही बरंवाईट झालं, तर 2009 चाच कागद बोलेल. प्लॉट विकला गेला, तेव्हा त्याचं दान संपलं. त्याऐवजी लेकीला दुसरं काही आपोआप मिळत नाही. घर काकूंच्या नावे लिहिलेलं, त्या आधी गेल्या. ‘उरलेलं सगळं अमक्याला’ असं कलम कागदात नसेल, तर घर मुलगा-मुलगी दोघांत सारखं. आणि जमीन, लिहिल्याप्रमाणे, मुलाला.

तीही पूर्ण नाही बरं. स्वतः घेतलेली तीन एकर तुमची, कोणालाही द्या. वाटणीतली चार एकर वडिलोपार्जित असेल, तर तिच्यात लेकीचाही जन्मापासूनचा हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने तो दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथे मृत्युपत्राने फक्त तुमचा स्वतःचा हिस्सा देता येतो. वाटणीचा कागद आणि जुने फेरफार वकिलाला दाखवा, सातबाऱ्यावरचं नाव पाहून हे ठरत नाही.

एफडीचं : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देईल, पण हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याला लिहिलं त्याचा. नव्या कायद्याने नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. लेकीचं नाव घालाच, पण मृत्युपत्रातही एफडीचा उल्लेख करा.

साक्षीदार कोण घेता, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. अमळनेरला माझे मामा होते. ‘मी कागद करी ठेयेल शे,’ म्हणून निवांत. गेल्यावर गोधड्यांच्या पेटीत कागद सापडला, पण दोन्ही साक्षीदार त्यांच्याच वयाचे मित्र, दोघेही त्यांच्या आधी गेलेले. मग मेलेल्या माणसांच्या सह्या ओळखणारी माणसं शोधत फिरलो. मामेभावंडं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. मी वकील असून एकदाही म्हटलं नव्हतं, मामा, कागद दाखवा.

म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा बरेच लहान घ्या, आणि त्यातल्या कोणाला मिळकतीतलं काही मिळायचं नसावं. तुमच्या वयाला त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. कायद्याने सक्ती नाही, पण उद्या ‘बाबांना कळत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो; तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. गट नंबर आणि क्षेत्र ताज्या सातबाऱ्यावरून उतरवा. जुन्याला पुरवणी जोडत बसू नका, इतकं बदललंय की नवंच करा, आणि त्यात ‘2009 चं मृत्युपत्र रद्द’ असं तारखेसकट लिहा.

लेकीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर दोघांना समोरासमोर बसवून वाचून दाखवलं असतं, तेही आखाजीचा झोका बांधायच्या आधी. आणि ती निळ्या पेनाची झेरॉक्स फाडू नका. वकिलाकडे जाताना तीच न्या, तुमच्या मनात काय आहे ते त्याला दोन मिनिटांत कळेल.